पितरांचा सातबारा

पद्मनाभपुरात कुणाचे पणजोबा वारलेले नाहीत. दुर्ग आणि भिलाई जिथे एकमेकांत मिसळतात तिथली ही वसाहत, आणि इथलं जवळपास प्रत्येक घर कुठून तरी आलेलं. कुणी आंध्रातून, कुणी केरळातून, कुणी बिहारमधून. मराठी घरं बहुतेक नागपूर, भंडारा, गोंदियाकडची. कारखान्याने बोलावलं म्हणून आले, निवृत्तीनंतर राहिले. घरातलं माणूस गेलं की शिवनाथच्या काठी अग्नी, राजिमच्या संगमावर अस्थी आणि भिंतीवर हार घातलेला फोटो. नातवाने विचारलं, ‘आपले आजोबा कुठे आहेत?’ तर बोट दाखवायला जागा नाही.

याचं दुःख करत बसावं असं नाही. आपल्याकडे बहुतेकांची रीतच अशी. गोसावी, लिंगायत, महानुभाव यांच्या समाध्या सोडल्या तर आपली मेलेली माणसं नकाशावर राहत नाहीत. पण पद्मनाभपुरातून गाडी काढून साठेक किलोमीटर दक्षिणेला बालोदकडे गेलं, की एक वेगळाच प्रदेश लागतो. तिथे मेलेल्यांनी जागा अडवून ठेवली आहे, आणि तीही गेली अडीच हजार वर्षं.

बालोद 2012 च्या जानेवारीत वेगळा जिल्हा झाला, त्याआधी तो दुर्गचाच भाग. बालोदहून धमतरीच्या रस्त्याला लागलं की करहीभदर, करकाभाट, मुजगहन, धनोरा, सोरर अशी गावं येतात. करकाभाट आज ओळखलं जातं ते तिथल्या सहकारी साखर कारखान्यामुळे. ऊस, ट्रॅक्टर, गाळपाचा वास. पश्चिम महाराष्ट्रातला माणूस इथे क्षणभर चकेल. पण त्याच शिवारात उभ्या पुरलेल्या शिळा आहेत, दगडांचे ढीग आहेत, आणि त्यांच्याखाली माणसं आहेत. महापाषाणयुगीन दफनभूमी, असं पुरातत्त्वाच्या भाषेत.

या जागांची पहिली छापील नोंद जोसेफ डेव्हिड बेगलर या, पुरातत्त्व खात्याच्या कनिंगहॅमच्या सहाय्यकाने केली. 1873-74 साली तो मध्य प्रांतात फिरत होता. देवळं शोधत फिरणाऱ्या या माणसाला सोरर-करहीभदरच्या माळावर दगडच दगड दिसले. त्यानंतर ऐंशीएक वर्षं कुणी फारसं फिरकलं नाही. 1956-57 मध्ये धनोऱ्याला कुदळ लावली ती एका मराठी माणसाने. मोरेश्वर गंगाधर दीक्षित हे नाव आज महाराष्ट्रातही फारसं कुणाला आठवत नाही. सिरपूरचं उत्खनन त्यांचं, भारतीय काचेचा आणि मण्यांचा इतिहास लिहिणारे तेच. धनोऱ्याला त्यांनी शेकडो स्मारकं पाहिली, त्यांची प्रकारवार विभागणी केली आणि काही उघडली. पुढे 1990-91 मध्ये अरुणकुमार शर्मा यांनी करकाभाटला उत्खनन केलं. मडकी आणि लोखंडी हत्यारं, असा ऐवज मिळाला.

यातलं लोखंड मला महत्त्वाचं वाटतं. याच टापूत, थोडं आणखी दक्षिणेला, दल्ली-राजहराच्या टेकड्या आहेत. तिथल्या खनिजावर भिलाईचा कारखाना उभा राहिला. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार, 1959 च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू. ही तारीख भिलाईतल्या प्रत्येक पोराला शाळेत पाठ होते. त्याच्याही आधीची गोष्ट नागपूरची आहे. 1903 च्या सुमारास दोराबजी टाटा नागपुरात सरकारी अधिकाऱ्याला भेटायला गेले होते. लोखंडाचा शोध फसला, परवाने परत करून टाकावेत, असं मनाशी ठरवूनच गेले होते म्हणतात. साहेब जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात शिरले. तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा होता आणि त्यात दुर्गकडचा भाग लोहखनिजाच्या रंगाने गडद रंगवलेला. दोराबजी तिथून दुर्गकडे निघाले. टाटांचा कारखाना शेवटी मयूरभंजच्या खनिजावर साकचीला झाला हे खरं, पण राजहराच्या टेकड्या तेव्हापासून हिशेबात राहिल्या.

भिलाईत शाळेत शिकवला जाणारा इतिहास 1955 पासून सुरू होतो. त्याच मातीत लोखंड वापरणारी माणसं अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्या मृतांसोबत हत्यारं पुरत होती, आणि ती जागा कारखान्यापासून दीड-दोन तासांवर आहे, हे त्या पोराच्या पुस्तकात नाही. एखादी सहल तिथे न्यायला काय हरकत आहे? मैत्रीबागेच्या प्राणिसंग्रहालयातले वाघ सगळ्यांनी पाहिलेत.

या मुलखात जागा अडवली ती फक्त माणसांनी नाही. बालोदच्याच परिसरात खपरी नावाचं गाव आहे. तिथल्या देवळात शिवलिंग आहे, पण देऊळ ओळखलं जातं कुत्र्याच्या नावाने: कुकुरदेव मंदिर. बांधकाम फणिनागवंशी राजांच्या काळातलं, चौदाव्या-पंधराव्या शतकातलं मानतात. लोक सांगतात ती कथा अशी. मालीघोरी नावाचा एक बंजारा होता. दुष्काळात त्याने आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराकडे चोरी झाली, कुत्र्याने चोरांचा माग काढला आणि माल कुठे पुरला ते दाखवलं. सावकार खूश. कर्ज फिटलं असं चिठ्ठीवर लिहून, ती गळ्यात बांधून त्याने कुत्र्याला मालकाकडे सोडून दिलं. कुत्रा पळून आला असं समजून बंजाऱ्याने त्याला काठीने मारून टाकलं, आणि मग चिठ्ठी वाचली. त्याने बांधलेली समाधी ती ही. आजही डांग्या खोकला झालेल्या मुलांना आणि कुत्रा चावलेल्यांना इथे आणतात.

आता अशी गोष्ट जगात एकट्या खपरीची नाही. वेल्समध्ये बेडगेलर्ट गावात गेलर्ट नावाच्या कुत्र्याची कबर आहे. निरपराध कुत्रा, मालकाचा घाईचा राग, मग पश्चात्ताप, सगळं तेच. ती कबर अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका खाणावळवाल्याने गिऱ्हाईक वाढावं म्हणून उभी केली, असं संशोधक सांगतात. लोक मात्र अजूनही फुलं वाहतात. आपल्याकडचं उदाहरण तर ताजं आहे. रायगडावरचा वाघ्या. 1936 साली पुतळा बसला, 2012 मध्ये तो उखडून टाकला गेला आणि पुन्हा बसवला, 2025 मध्ये पुन्हा मागणी आली की पुरावा नाही तर हटवा. पुरावा मागणं योग्यच आहे. पण खपरीला कुणी पुरावा मागत नाही आणि खपरीचं काही बिघडत नाही, कारण तिथे कुत्र्याच्या समाधीवर कुणाच्या सत्तेचा दावा उभा नाही. ऋण फिटलं की नाही, आणि कागद वाचण्याआधी काठी उचलावी का, एवढाच तिथला मामला. सावकाराच्या चिठ्ठीवर आयुष्य तोलणाऱ्या मुलखाने ही गोष्ट का जपली असेल हे सांगायला पंडित लागत नाही.

सोररची कथा याहून काळी आहे. बहादुर कलारिन ही दारू विकणारी देखणी बाई. शिकारीला आलेला राजा तिच्यावर भाळला आणि तिला मूल देऊन निघून गेला. मुलगा छछान मोठा झाला, बाप कोण हे कळलं, आणि राजेलोकांवरचा सूड म्हणून म्हणा की आणखी कशासाठी, तो एकामागून एक बायका करत गेला. छै आगर छै कोरी, म्हणजे सहा वीसा आणि वर सहा: एकशे सव्वीस. एकीतही मन रमेना. शेवटी त्याची नजर आईवर गेली. आईने त्याला तिखट-खारं जेवण वाढलं, गावाने पाणी नाकारलं, आणि पाण्यासाठी विहिरीशी वाकला तेव्हा तिने त्याला आत ढकललं. मग स्वतःही जीव दिला. हबीब तन्वीर यांनी 1978 मध्ये या कथेवर नाटक केलं, फिदाबाई मरकाम यांनी बहादुर उभी केली. तन्वीरांची इतर नाटकं जास्त गाजली, पण ग्रीक शोकांतिकेच्या तोडीचं काही आपल्या शिवारात पडलेलं आहे हे सांगणारं नाटक हेच.

सोररच्या रानात खडकात खळगे आहेत. त्या एकशे सव्वीस सुना इथे धान कांडत, असं गाव सांगतं. शेजारच्या चिरचारीत ‘बहादुर कलारिन की माची’ म्हणून दगडी खांबांचा एक मोडका मंडप आहे. तो राज्याच्या संरक्षित स्मारकांत आहे. कलार समाज तिला माता मानतो. म्हणजे एकाच पाच-सात मैलांत अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अनाम माणसांची दफनं आहेत, मध्ययुगीन दगडी मंडप आहे, आणि त्या सगळ्यावर अंथरलेली एका बाईची गोष्ट आहे. पुरातत्त्ववाला या तिन्ही थरांना वेगळे कप्पे देतो. गावाने ते कधीच वेगळे केले नाहीत. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे, पण फलकावर फक्त पहिल्याचं म्हणणं लिहिलं जातं याची मला खंत आहे.

विदर्भाच्या वाचकाला हे दगड नवे नाहीत. नागपूरच्या काटोल रोडला जुनापाणी, पुढे माहुरझरी, दक्षिणेला टाकळघाट-खापा, रामटेकच्या बाजूला नैकुंड. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी लोक या शिलावर्तुळांना गवळ्यांची म्हणत. जुन्या गवळी राजांनी गुरांचे तळ आखले, अशी समजूत. या दगडांच्या अभ्यासाने एक बळीही घेतला आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते. 4 सप्टेंबर 1863 रोजी ते मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासोबत टाकळघाटची वर्तुळं पाहायला गेले होते. संध्याकाळी घोड्यावरून परतताना पुराने फुगलेल्या ओढ्यात बुडाले. गोंडांची गाणी आणि कथा त्यांनी कागदावर उतरवून ठेवल्या होत्या. टेंपलनी 1866 मध्ये ते कागद छापले म्हणून वाचले.

पुढे रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्याने जुनापाणी खणलं. स्वातंत्र्यानंतर 1961-62 मध्ये बी. के. थापर यांनी तिथेच शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. आणि मग शांताराम भालचंद्र देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड अशी मालिकाच लावली. माहुरझरीला माणसांसोबत पुरलेले घोडे मिळाले, तोंडावर तांब्याचे दागिने, लोखंडी लगाम. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. म्हणजे हे लोक लोखंड बाहेरून विकत आणत नव्हते, स्वतः गाळत होते. आज जुनापाणीला भारतीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, आणि नागपूर त्या दिशेने वाढतं आहे. जे दगड नांगराला अडतात म्हणून पूर्वी शेतकरी सरकवायचा, ते आता लेआउटला अडतात.

या मृतांची आठवण वाहणारं कुणी उरलेलं नाही, ही करकाभाट आणि जुनापाणीची अडचण. बस्तरात आणि गडचिरोलीत गोष्ट वेगळी आहे. तिथे दगड उभा करण्याची रीत अजून चालू आहे. ब्रिटिश प्रशासक ग्रिगसन यांनी 1938 च्या ग्रंथात माडियांच्या या शिळांचं सविस्तर वर्णन केलं. गावाबाहेर, वाटेच्या कडेला, घराण्याच्या दगडांची रांग. दंतेवाड्याजवळ गामावाड्याचे प्रचंड स्तंभ केंद्राच्या संरक्षित यादीत आहेत. पण खरी मजा नव्या स्तंभांची आहे. सिमेंटचे, ऑइल पेंटने रंगवलेले. त्यावर मेलेल्या माणसाला जे आवडायचं ते सगळं: कोंबड्यांची झुंज, ताडी, मोटारसायकल, बस, बंदूकधारी शिपाई, कधी विमान. अभ्यासकांपैकी काहींना हे पाहून हळहळ वाटते, लाकडी कोरीव खांब गेले म्हणून. मला वाटत नाही. ज्या रीतीला मोटारसायकल पचते ती रीत जिवंत आहे.

आणि या रीतीला कायद्याने वजन दिलं आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. 2006 चा वनहक्क कायदा आपण ऐकलेला असतो. त्याच्या नियमांतला 13वा नियम दावेदाराने कोणते पुरावे द्यावेत ते सांगतो. त्यात सरकारी कागद आहेत, ज्येष्ठांची साक्ष आहे, आणि प्राचीनत्व सिद्ध करणाऱ्या पारंपरिक गोष्टींत विहिरी, पवित्र स्थळं यांच्याबरोबरीने दफनभूमीचं नाव आहे. ‘मावा नाटे मावा राज’ म्हणणाऱ्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्याच कायद्याखाली. म्हणजे ज्याच्याकडे कागद नाही त्याने आजोबाची शिळा दाखवावी. झारखंडच्या मुंडांनी हे कायद्याच्या खूप आधी ओळखलं होतं. त्यांच्या ससनदिरी, म्हणजे कुळाच्या दफनशिळा, हाच जमिनीचा पट्टा, असं मानववंशशास्त्रज्ञ शरच्चंद्र रॉय यांनी 1912 मध्ये लिहून ठेवलं. जमीनदारांशी भांडताना मुंडांनी या शिळा पुरावा म्हणून थेट कलकत्त्याला वाहून नेल्या, असं अजून सांगितलं जातं. 2017-18 मध्ये खुंटीत पत्थलगडीच्या हिरव्या शिळा उभ्या राहिल्या आणि सरकार घाबरलं, तेव्हा शहरी वर्तमानपत्रांनी त्यात फक्त बंड पाहिलं. दगडावर संविधानाची कलमं कोरण्यामागे किती जुनी सवय आहे, ते फारसं कुणी लिहिलं नाही. ती लाट छत्तीसगडच्या जशपूरपर्यंतही आली होती.

पुरावा म्हटला की तो उलटाही वापरला जातो. 2025 च्या जानेवारीत बस्तरमधल्या छिंदवाडा गावचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. गावातला एक ख्रिस्ती धर्मोपदेशक वारला. त्याच्या वाडवडिलांना ज्या जागेत पुरलं होतं तिथेच त्याला पुरावं, एवढीच मुलाची मागणी. गावाचा विरोध, ग्रामपंचायतीचं म्हणणं असं की ख्रिस्तींसाठी वेगळी जागा नाही. देह जवळपास तीन आठवडे शवागारात. 27 जानेवारीला न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती शर्मा यांची मतं वेगळी पडली. एकीने घरच्या शेतात पुरू द्या म्हटलं, दुसऱ्याने ठरवून दिलेल्या जागेतच. वाद वाढू नये म्हणून अखेर वीसेक किलोमीटरवरच्या करकापालच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरण्याचा आदेश निघाला. मी या निकालाचा बराच विचार केला. मुलाचा युक्तिवाद साधा होता: आमचे लोक इथे आहेत, म्हणून आम्ही इथले. जो युक्तिवाद जंगल मागणाऱ्या आदिवासीसाठी आपण उचलून धरतो, तोच शेजारच्या घराने केला की आपल्याला जागेची टंचाई आठवते. गावाच्या स्मृतीचं कौतुक करताना ती दार बंदही करते हे विसरून चालणार नाही. अस्पृश्यांची वेगळी मसणवाट महाराष्ट्रातल्या किती गावांत होती आणि आहे, ते वाचकाला सांगायला नको.

पुन्हा दुर्ग-बालोदच्या सपाटीवर येऊ. इथल्या गावात सतनामी आहेत, कबीरपंथी आहेत, गोंड-हलबा आहेत. यांच्यात पुरण्याची चाल जुनी. तलावाच्या पाळीवर, आंब्याच्या झाडाखाली छोटे चौथरे दिसतात, चुन्याने रंगवलेले. त्यांवर नावं बहुधा नसतात. कुणाचा कुठला हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पाठ असतं, दिवाळी-होळीला दिवा-नारळ होतो, आणि ते वडीलधारे गेले की चौथरा पोरका होतो.

कागदावर पाहिलं तर व्यवस्था चोख आहे. मध्य प्रदेशाची 1959 ची भू-राजस्व संहिता छत्तीसगडला वारशात मिळाली. तिच्या 237व्या कलमानुसार गावाच्या निस्तारासाठी, म्हणजे सामायिक वापरासाठी, राखायच्या जमिनींत चराई, गावठाण यांच्यासोबत मरघट आणि कब्रस्तान आहेच. म्हणजे आजच्या मृतांची जागा निस्तार पत्रकात लागलेली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मृतांची जागा पुरातत्त्व खात्याच्या यादीत. मधल्यांचं काय? दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचा तो चौथरा, जो आता कुणाच्या तरी खाजगी शेतात आहे, विकलेल्या, वाटणी झालेल्या, कदाचित ऊस लावलेल्या शेतात. तो ना निस्तारात, ना यादीत. नवा मालक परका असेल तर एका पावसाळ्याआधी ट्रॅक्टर फिरतो आणि काम संपतं. करकाभाटच्या शिळांपेक्षा मला या मधल्या चौथऱ्यांची काळजी अधिक आहे. शिळांचं चित्र, नकाशा, अहवाल निदान छापलेला आहे. चौथऱ्यांची माहिती सत्तरीच्या पुढच्या माणसांच्या डोक्यात आहे आणि ती दरवर्षी कमी होते.

याला मोठा प्रकल्प लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. गावातल्या शाळेची दोन हुशार पोरं, एक वही, मोबाइलमधला नकाशा आणि बसून बोलायला तयार असलेली एखादी आजी. कुणाचा चौथरा, कुठल्या घराचा, कुठल्या सणाला कोण येतं, कुठल्या वाटेने येतं. ही शेवटची नोंद सगळ्यात कामाची. त्याच संहितेत 242वं कलम आहे, वाजिब-उल-अर्जचं. जी जमीन सरकारची नाही, तिथल्या वहिवाटीच्या वाटा आणि पाण्याचे हक्क, गावाच्या चालीप्रमाणे जे असतील ते, या दस्तऐवजात उतरतात. आणि संबंधित माणसाने अर्ज केला तर उपविभागीय अधिकारी नोंद दुरुस्त करू शकतो. चौथऱ्याची जमीन गावाची होणार नाही. पण दिवाळीला दिवा घेऊन जाणाऱ्या सुनेची वाट एकदा तिथे लागली, की पुढचा मालक कुणीही असो, कुंपण घालताना त्याला फाटक ठेवावं लागेल.